कोणते वानखडे

सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी नाकाशी धरून मी वास घेत होते, तेवढ्यात पर्समधला फोन थरथरला. चोपडे सरांचा मेसेज होता. ‘मॅडम, मानपत्र संध्याकाळी प्रेसला द्यायचं आहे. एकाच जागी अडलोय. "दलित" ठेवू की "वंचित"? तुम्हाला जे बरं वाटेल ते.’ आणि शेवटी ते जोडलेले दोन हात. मी जुडी खाली ठेवली. भाजीवाली म्हणाली, "काऊन वं बाई, चांगला नाही का सांभार?" सांभार चांगलाच होता, मुळांना माती लागलेला, सकाळीच उपटलेला. बिघडलं होतं ते माझं डोकं. भर बाजारात एखादा अनोळखी माणूस मागून यावा, त्यानं अगदी आदरानं आपल्या ब्लाउजची बाहेर आलेली पट्टी आत सारावी आणि वर विचारावं, "आता बरं वाटतं ना?" तसं मला झालं. त्याचा हेतू चांगला असतो. आपल्याला त्याला काही बोलता येत नाही. उलट आपणच ‘थँक्यू’ म्हणतो आणि घरी जाऊन दिवसभर खांदा चोळत बसतो. मी जुडी पिशवीत टाकली आणि बुलडाण्याच्या त्या चौकात, ऑटोंच्या गर्दीत, चोपडे सरांना काय उत्तर द्यावं याचा विचार करत उभी राहिले. माझ्याच सत्काराच्या आदल्या दिवशी माझ्यासाठी एक बरासा शब्द निवडायचं काम पुन्हा माझ्याच गळ्यात पडलं होतं.

मी प्राचार्य झाले त्याचा हा सत्कार. आमच्या संस्थेत सत्कार म्हणजे शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्र सोनेरी नक्षीच्या जाड कागदावर छापायचं, फ्रेम करायचं, स्टेजवर वाचायचं आणि मग माणसानं ते जन्मभर बैठकीच्या खोलीत लावायचं. लिहितात चोपडे सरच, मराठीचे म्हणून. त्याची एक रीत ठरलेली आहे. सुरुवात आई-वडिलांच्या नावानं आणि गावानं होते, अमुक गावी अमुकरावांच्या पोटी आपला जन्म झाला, मग शिक्षण, मग नोकरी, मग गुणवर्णन. माझ्या मानपत्राचा कच्चा मसुदा त्यांनी मला आधीच पाठवला होता. त्यात रीतीप्रमाणे वडिलांचं नाव होतं, नांदुरा होतं, आणि लगेच पुढे हे वाक्य होतं: ‘समाजाच्या अगदी तळागाळातून, अठराविश्वे दारिद्र्याशी झुंजत, दलित कुटुंबातून पुढे येऊन आपण हे शिखर गाठलेत.’ अठराविश्वे दारिद्र्य! माझे वडील शंकरराव वानखडे नांदुऱ्याचे स्टेशनमास्तर. आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलो. मागे पेरूचं झाड होतं, घरात रेडिओ होता, दर दिवाळीला पासावर कुठे ना कुठे जाणं होतं. बाबांच्या पांढऱ्या युनिफॉर्मला आई निळीचं पाणी द्यायची आणि वाळत घातलेल्या त्या पँटला हात लावला तर आम्हाला धपाटा बसायचा. गरिबी आजोबांनी पाहिली, मी तिच्या गोष्टी ऐकल्या. खरी गरिबी पाहिली चोपडे सरांनी. त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं, मॅट्रिकपर्यंत पायात चप्पल नव्हती, सुटीत दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला. पण गेल्या वर्षी त्यांचा सत्कार झाला तेव्हा त्यांच्या मानपत्रात काय होतं? ‘कष्टाळू व सुसंस्कृत शेतकरी कुटुंबात आपला जन्म झाला.’ त्यांची गरिबी सुसंस्कृत झाली आणि माझा पेरू तळागाळात गेला.

घरी येईपर्यंत आणखी मेसेज आले. ‘की "उपेक्षित" बरं दिसेल?’ मग, ‘"नवबौद्ध" चालतं का हल्ली?’ मग बऱ्याच वेळानं, ‘मॅडम, रागावलात का?’ भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं मला. शब्दांचं म्हणाल तर माझ्यासमोर आजवर सगळे येऊन गेलेत. शाळेत आमचे हेडमास्तर ‘आपल्या हरिजन भगिनी’ म्हणायचे ते इतक्या गोड आवाजात की त्यांना वाटायचं, आपण मुलीच्या हातावर पेढा ठेवतोय. कॉलेजात ‘मागासवर्गीय’ झाले. कुणी ‘एस.सी.’ म्हणताना आवाज असा खाली आणतं, जणू एखाद्याच्या घरी कॅन्सर झालाय. ‘नवबौद्ध’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा बाबांना विचारलं होतं, आपण कधीपर्यंत नवे? माझ्या जन्माच्या कितीतरी आधी आजोबांनी दीक्षा घेतलेली. नवी नवरीसुद्धा पहिल्या दिवाळीनंतर जुनी होते, आम्हीच काय ते कायमचे नवे! बाबा हसले होते. त्यांना ‘बौद्ध’ एवढा एकच शब्द चालतो, मागे-पुढे काही नको. माझा भाचा संघर्ष पुण्याला असतो, त्याला ‘दलित’ शब्दाचा अभिमान आहे, तो म्हणतो, या शब्दासाठी माणसं लढली, तो टाकायचा का? दोघांची यावरून जेवणाच्या ताटावर भांडणं झालीत. आणि माझी आई बनाबाई या दोघांच्या मध्ये बसून जातीचं जुनं नाव बिनदिक्कत घेते. "आमी कोन व्हतो थे साऱ्या गावाले ठाऊक हाये. आता बुद्ध हाओत. त्याच्यात लाजाचं काय?" तिच्या तोंडी ते नाव आलं की मला काही होत नाही. तेच नाव आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन माणसं भांडताना एकमेकांना शिवी म्हणून वापरतात तेव्हा माझा चहा गार होईपर्यंत मी खिडकीत उभी राहते. म्हणजे शब्द कोण उच्चारतो आणि कशाला उच्चारतो यावर सगळं असतं. पण हे चोपडे सरांना मेसेजवर कसं सांगायचं? ते म्हणाले असते, ‘बरोबर आहे मॅडम. मग "वंचित" करू?’

मला स्वतःसाठी फारसं वाटत नव्हतं. माझी कातडी आता जाड झाली आहे. भीती होती ती बाबांची. बाबा येणार होते, आणि बाबा सत्काराला जात नाहीत. कुणाच्याही नाही. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी स्टेशनवर छोटा कार्यक्रम झाला होता, मी तेव्हा तिथं होते. वरून एक मोठे साहेब आले होते. ते बाबांबद्दल फार चांगलं बोलले. वक्तशीर, शिस्तीचे, टेबलावर एक कागद इकडचा तिकडे नाही. आणि मग कौतुकाच्या भरात म्हणाले, "आणि स्वच्छता तर विचारू नका. यांच्याकडे पाहून वाटतच नाही हो!" काय वाटत नाही ते साहेब बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती, सगळ्यांना कळलं. टाळ्या पडल्या. बाबांनी शाल घेतली, नारळ घेतला, नमस्कार केला. घरी येऊन शाल त्यांनी आईकडे दिली आणि म्हणाले, "गोधडीत घालून टाक." तेवढंच. त्या दिवसापासून ते कुणाच्या सत्काराला गेले नाहीत, समाजाच्या नाही, रेल्वेच्या नाही, सख्ख्या भावाच्या नाही. आता वय झालं, ऐकू कमी येतं, आणि या आठवड्यात आईनं फोनवर सांगितलं, "येतो म्हनते थे. सफारी इस्त्रीले देली." मी फोन ठेवला आणि मला रडू आलं. आणि त्या माणसासमोर, स्टेजवरून, माईकवर, मीच बोलावून आणून, तळागाळ आणि अठराविश्वे दारिद्र्य ऐकवायचं? ती फ्रेम मग घरात लावायची? ते वाक्य जायलाच हवं होतं, त्यात कुठला शब्द बसतो याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं.

दुपारी कॉलेजात गेले. स्टाफरूममध्ये गेल्याबरोबर नेहमीप्रमाणे दोन-तीन आवाज आले, "या, सारिका मॅडम." मी बसले आणि चहा घेता घेता, का कोण जाणे, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट कान देऊन ऐकू लागले. देशमुख सर. पाटील मॅडम. चोपडे सर. राजपूत सर. सगळे आडनावांनी. मी एकटी सारिका मॅडम. हे कधीपासून? मग आठवलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी जुन्या हेडक्लार्कनं रजिस्टरवरून मान वर करून विचारलं होतं, "वानखडे? कोणते वानखडे?" मी म्हटलं, नांदुऱ्याचे. "नाही, तसं नाही, म्हणजे..." आणि ते थांबले, आणि त्यांना कळलं, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. आमच्या वऱ्हाडात वानखडे कुणब्यांतही आहेत, बौद्धांतही. तेव्हा ‘कोणते’ हा प्रश्न गावाचा नसतो हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. बहुधा त्याच दिवसापासून माझं आडनाव कुणी घेईनासं झालं. अपमान करायचा म्हणून नाही हो! मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. ते नाव घेतलं की प्रश्न येतो, प्रश्न आला की उत्तर येतं, त्यापेक्षा सारिका मॅडम, कसं गोड. पुढे काही वर्षांनी फिजिक्सला हर्षल वानखडे लागला, कुणब्यांचा मुलगा, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि तो पहिल्या दिवसापासून ‘वानखडे सर’. आता हा हर्षल फार भला मुलगा आहे, माझ्या केबिनचा पंखा त्यानंच दुरुस्त केला. पण त्या दुपारी तो "या मॅडम, बसा" म्हणाला तेव्हा मला त्याचा असा राग आला की मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. बिचाऱ्याला वाटलं असेल, प्राचार्य झाल्या, चढली यांना.

चोपडे सर कोपऱ्यात मसुद्याचे कागद पसरून बसले होते. मला पाहून उठून उभे राहिले. हे एक आणखी. ते माझ्यासाठी जरा जास्तच पटकन उठतात. मी म्हटलं, "सर, ते वाक्य काढून टाका." ते म्हणाले, "शब्द बदलतो ना मॅडम. तुम्ही फक्त सांगा, तुमच्यात काय म्हणतात." मी म्हटलं, "शब्द नाही, वाक्य. मी तळागाळातून आले नाही. मी नांदुऱ्याहून आले. चप्पल तुमच्या पायात नव्हती सर, माझ्या पायात बाटाचे बूट होते." हे मी जरा मोठ्यानं बोलले. चोपडे सरांचा चेहरा पडला आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मग जे नेहमी होतं तेच झालं. ते म्हणाले, माझा तसा उद्देश नव्हता, मी कधी भेदभाव मानला नाही, आमच्या घरी बाबासाहेबांचा फोटो आहे, माझा जिवलग मित्र तुमच्यातलाच, मॅडम तुम्हाला दुखावलं असेल तर. आणि दोन मिनिटांत मीच त्यांना पाणी देत होते, मीच म्हणत होते, अहो नाही सर, तुमच्याबद्दल कुठं काय, तुमचं मन मला माहीत आहे. हे मी वीस-बावीस वर्षं करत आले आहे. लागतं मला आणि फुंकर मी त्यांना घालते. कोणता शब्द चालेल ते मी सांगायचं, चुकला तर माफ मी करायचं, बरोबर आला तर शाबासकी मी द्यायची. भूगोल शिकवायला नोकरीला लागले होते मी! "मग काय लिहू?" चोपडे सरांनी विचारलं. मी म्हटलं, "लोणारच्या सहली लिहा. दरवर्षी पोरांना सरोवराच्या काठावर उभं करून उल्का शिकवली ते लिहा." त्यांनी मान हलवली आणि पेन काढून काट मारली. काट फारच लांब वाटली मला, पण घंटा झाली होती आणि मी तासावर गेले.

दुसऱ्या दिवशी आई-बाबा राजूर घाट चढून एसटीनं आले. बाबांनी सफारी घातली होती, केसांना तेल, हातात काठी. हॉलमध्ये पहिल्या रांगेत त्यांना बसवलं. त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "तुहं झालं का मी उठीन. बाकीच्यायचं मले आयकाचं नाही." मी म्हटलं, बरं. स्टेजवर माझ्या शेजारी संस्थेचे अध्यक्ष महादेवराव, पंचाहत्तरीचे, पांढरं धोतर, मोठा माणूस, पण मनानं साधा. चोपडे सर मानपत्र घेऊन माईकपाशी आले. मी बाबांकडे पाहत होते. बाबांनी कानामागे हात धरला होता. आणि चोपडे सरांनी वाचायला सुरुवात केली: ‘सन्माननीय प्राचार्या, आपण भूगोल विषयात एम.ए. ची पदवी प्रथम श्रेणीत प्राप्त केलीत...’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. वाक्य गेलं होतं. वाक्याबरोबर त्याच्या आधीचंही गेलं होतं. आई गेली होती, बाबा गेले होते, नांदुरा गेलं होतं. चोपडे सर इतके घाबरले होते की माझ्या जन्माच्या आसपास जे जे होतं ते सगळं त्यांनी काढून टाकलं, न जाणो त्यातलं काय लागेल. आजवर या हॉलमध्ये जितकी मानपत्रं वाचली गेली त्या सगळ्यांना आई-बाप होते, गाव होतं. मी एम.ए. होऊन आभाळातून पडले होते, लोणारच्या उल्केसारखी. लोणार मात्र होतं, दोन परिच्छेद होतं. बाबा कानामागे हात धरून वाट पाहत होते. माणूस सत्काराला गेला नाही तरी मानपत्राची रीत कुणाला माहीत नसते? आपलं नाव येईल म्हणून ते थोडे पुढे झुकून बसले होते. सोनेरी कागद संपत आला तसा त्यांचा हात कानामागून हळूहळू खाली आला. ऐकू कमी येतं म्हणून आपल्याकडून सुटलं असावं असं त्यांना वाटलं असेल. त्यांनी आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. नाही आलं. मला वाटलं, ते तळागाळ परवडलं असतं. तळागाळात निदान माणसं राहतात. मला चोपडे सरांचा, माझा, हॉलमधल्या प्रत्येक सभ्य माणसाचा इतका संताप आला की शाल खांद्यावर पडली तेव्हा ती मला गरम लोखंडासारखी लागली. आणि चोपडे सर वाचन संपवून माझ्याकडे पाहून हसले. बघा, कुठेच काही लागू दिलं नाही तुम्हाला, असं.

मग महादेवराव बोलायला उठले. त्यांना भाषण लिहून आणायची सवय नाही. त्यांनी सुरुवात केली, "सारिकाबाईंचं कौतुक करावं तेवढं थोडं. कुठून कुठं आल्या. ज्या... म्हणजे ज्या..." आणि ते अडले. मानपत्रातून त्यांना शब्द मिळणार होता, तो तिथं नव्हता. "आपल्या ज्या... या..." हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. देशमुख सर जमिनीकडे पाहू लागले. हर्षलनं छताकडे पाहिलं. आणि महादेवरावांनी माईकवरून मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हे पाहणं मला पाठ आहे. तुम्ही सांगा, मॅडम. कोणता चालेल? माझ्या जिभेवर शब्द आलाही होता, सवयीनं, चहाचा कप पुढे करावा तसा. एक शब्द हळूच म्हटला असता की गाडी सुटली असती, सगळ्यांनी श्वास सोडला असता, टाळ्या पडल्या असत्या. मी तोंड मिटलं. मुद्दाम नाही. मला एकदम इतका कंटाळा आला, शब्द पुरवण्याचा, की ओठ उघडेनातच. मी मांडीवरच्या नारळाची शेंडी पाहत बसले. म्हणा काय म्हणायचं ते. नाही तर नका म्हणू. महादेवरावांच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला आणि मला त्यांची दया आली नाही. त्यांनी माझ्यावरची नजर काढली, ती जाणार कुठं, समोर गेली, पहिल्या रांगेत. बाबा उठायला म्हणून काठी टेकत होते. महादेवराव त्यांच्याकडे बघतच राहिले.

"थांबा," ते माईकमध्ये म्हणाले. "तुम्ही नांदुऱ्याचे मास्तर ना? वानखडे मास्तर?"

बाबांना ऐकू गेलं नाही. आईनं त्यांच्या कानात मोठ्यानं सांगितलं. बाबा अर्धे उठलेले, तसेच राहिले.

"अरे, या माणसानं माझं एक वर्ष बुडवलं!" महादेवराव आता माझ्याकडे नाही, हॉलकडे वळून बोलत होते, आणि त्यांची बोली एकदम गावाकडची झाली. "मी अकोल्याले शिकत होतो. परीक्षेचा दिवस. गाडी हालली अन् मी पळत आलो. दांडा धरला. यायनं मागून दंड धरून असा ओढला मले, का मी फलाटावर उताणा. अन् शिवी देली ते वेगळीच. मी म्हटलं, मास्तर, माहा पेपर हाये. तर म्हनते, पेपर पुढच्या वर्षी देता येते, पाय देता येत नाही." हॉल हसला. महादेवराव हसले नाहीत. "गेलं वर्ष. लय शिव्या घातल्या मी या माणसाले मनात. आज पंचाहत्तर वर्षांचा दोन पायावर उभा हाओ. या वानखडे मास्तरायची ही मुलगी. म्या सांगतो, कॉलेज वेळेवर चालन." आणि ते खाली बसले.

टाळ्या पडल्या. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण आधी आला तो राग. म्हणजे हे होतं यांच्याकडे. माझे वडील यांना माहीत होते, नाव माहीत होतं, त्यांचा हात अजून दंडाला आठवत होता. आणि इतकी वर्षं हा माणूस माझ्याशी बोलताना माझ्यासाठी शब्द शोधत राहिला आणि मी त्याला एकेक काढून देत राहिले, म्हणून हे बाहेर यायला कधी जागाच झाली नाही. मला रडू येत होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी शाल नीट करत होते.

खाली आई बाबांच्या कानाशी वाकून सगळं पुन्हा सांगत होती, फलाट, दंड, पेपर. कमी ऐकणाऱ्या माणसाला वाटतं आपण हळू बोलतोय. बाबा जे बोलले ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

"खोटं बोलून राह्यला थो," बाबा म्हणाले. "शिवी नोती देली मी. ड्युटीवर कधीच नाही देली." मग ते परत खुर्चीत बसले, काठी दोन पायांत धरली, आणि आईला विचारलं, "आता कोन हाये बोलाचं?"